कप्प्यामागे दहा लिटर

मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर मला नोकरी लागली, तेव्हा पहिले आठ दिवस मी टँकरवर चढलेच नाही. पंप मालवणच्या बंदरावर, खाडीच्या अंगाला होता. ट्रॉलर आणि लहान होड्या तिथेच डिझेल भरून समुद्रात जायच्या. हंगामात तीन-चार दिवसांआड घाट उतरून टँकर यायचा आणि तो रिकामा करून घेण्याआधी त्याच्या पाठीवर चढून, झाकणं उघडून, आतलं डिझेल मोजावं लागायचं. माझ्या आधी हे काम करणारे गृहस्थ गुडघ्यांमुळे घरी बसले. मी बी.कॉम. होऊन दोन वर्षं रिकामी होते, वडिलांची होडी सोसायटीची सभासद होती, म्हणून ती जागा मला मिळाली. शतक बदलायला तेव्हा वर्ष-दोन वर्षं बाकी होती.

बाजूलाच मासळीचा लिलाव चालायचा. टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, बर्फ फोडणारे गडी, होड्यांवरचे खलाशी, सगळ्यांची नजर पंपावर. आई म्हणाली होती, "बायलमाणसान टँकरार चढाचा?" मलाही तसंच वाटत होतं. मी खाली उभी राहून हातातल्या वहीशी चाळा करायची आणि पंपावरच्या एखाद्या माणसाला वर पाठवायची. तो आकडा सांगायचा, मी लिहायची.

टँकरचा ड्रायव्हर हे सगळं बघत होता. पन्नाशीचा, बुटका, खाकी शर्टाची बाही कोपरापर्यंत नीट घडी घालून दुमडलेली. नवव्या दिवशी त्याने शिडीजवळची धूळ फडक्याने पुसली, लिलावाकडे पाठ करून उभ्या असलेल्या मला हाक मारली आणि म्हणाला, "चढ गो बाय. बघतत तेंच्याकडे मी बघतंय."

आणि खरंच, तो लिलावाकडे तोंड करून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मी ओढणी कमरेला बांधली आणि वर चढले. वरून पहिल्यांदा दिसला तो खाडीचा निळा पट्टा, आणि पायाखाली उन्हाने तापलेला पत्रा. कोणी हसलं असेल तर मला ऐकू आलं नाही.

त्या माणसाने मला हे काम शिकवलं. टँकरला तीन कप्पे. प्रत्येक कप्प्याच्या झाकणाला आणि खालच्या कॉकला तारेत ओवलेलं शिशाचं सील. त्यावर चिमट्याने उमटवलेला नंबर. चलनावरचा नंबर आणि सीलवरचा नंबर जुळला तरच सील तोडायचं. तो कधी माझ्याआधी सीलला हात लावायचा नाही. "वाच," म्हणायचा, "मोठ्यान वाच. उद्या तू म्हणशीत, काकान आधीच तोडल्यान." मी शाळेतल्या मुलीसारखी एकेक आकडा मोठ्याने वाचायची. मग सील तुटायचं, झाकण उघडायचं, आणि मी पितळी मापपट्टी कप्प्यातल्या नळीतून तळापर्यंत सोडून वर काढायची. डिझेल जिथपर्यंत चढलं असेल तिथे पट्टी ओली दिसायची. ती खूण आणि टँकरच्या मापाच्या दाखल्यावर लिहिलेली खूण जुळली की माल बरोबर. मग जमिनीतल्या टाकीत पाइप लावायचा.

मी त्याला काकानू म्हणायला लागले. तो वालावलचा. घरी भात, थोडी काजूची झाडं, बायको, आणि देवळाच्या कामात जाणारा वेळ. टँकर त्याचा नव्हता, एका वाहतूकदाराचा होता. हा पगारी ड्रायव्हर. पण गाडीला तो घरच्या बैलासारखं जपायचा. डेपो घाटावर. रात्री भरून निघालं की पहाटे घाट उतरायचा आणि कुडाळवरून मालवणकडे येताना वाट थोडी वाकडी करून घरी थांबायचा. येऊन मला सांगायचाही, "घराकडे पेज जेवलंय आणि इलंय." त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नव्हतं. मलाही नाही.

चार-पाच वर्षं अशी गेली. मी डिझेलच्या वासाला सरावले. लिलावातल्या बायका मला टँकरवर चढताना बघून आता मान वर करत नसत. उलट एखादी खालून ओरडून विचारायची, "गो, वरसून आमची होडी दिसता काय?"

मग मापात कमी यायला लागलं.

पहिल्या वेळी पट्टीवर केसाएवढा फरक. मी पट्टी पुसून पुन्हा सोडली, तेच. घाटावर थंडी होती, डिझेल आखडतं, असं म्हणून सोडून दिलं. काही महिन्यांनी तो फरक वाढला. तिन्ही कप्प्यांत, कप्प्यामागे दोन-तीन लिटर. पुढच्या वर्षी पाच. मग एकदा सात. मला चलनावर शेरा मारावा लागला, 'माल कमी'. तो शेरा डेपोकडे जायचा, तिथून वाहतूकदाराकडे, आणि त्याची वसुली शेवटी ड्रायव्हरच्या पगारातून व्हायची. हे मला माहीत होतं.

पहिला शेरा मारला तेव्हा तो टँकरच्या मागे गेला, पुढे आला, खाली वाकून चाकांकडे बघितलं. म्हणाला, "बाय, गाडी वाकडी उभी आसा. जरा पुढे घेतंय, मगे बघ."

मी टँकरवरूनच आवाराकडे नजर टाकली. मला काही वाकडं दिसलं नाही. जांभ्या दगडाचा चुरा घालून दाबलेली जागा, वर्षानुवर्षं तशीच. पुढे घ्यायला जागा नव्हती. पुढे लिलावाच्या टोपल्या होत्या आणि टाकीचा पाइप फक्त ह्याच जागेपर्यंत पोचायचा. शिवाय चार ट्रॉलर डिझेलसाठी खोळंबले होते आणि ते चालवणारे तांडेल माझ्या नावाने ओरडत होते. मी म्हटलं, "नाय ओ काकानू, सारकी आसा."

दुसऱ्यांदा त्याने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही. मी सोसायटीच्या चेअरमनच्या कानावर घातलं. ते हसले. "सगळेच असा सांगतत," म्हणाले. "गाव वाटेर आसा ना तेचा? थंय दर खेपेक थांबता ना?"

मला ते वाक्य आवडलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. तो थांबतो हे मला त्यानेच सांगितलं होतं, आणि मी ते चेअरमनना कधीतरी सहज, गंमत म्हणून सांगितलं होतं. सीलं तर शाबूत असायची. पण शिशाच्या सीलबद्दल बंदरावर सगळ्यांना सगळं माहीत होतं. तार गरम करून सोडवता येते, चिमटा बाजारात मिळतो, घाटात अमुक वळणावर बॅरल घेऊन माणसं उभी असतात. ज्यांनी घाट कधी रात्री पाहिला नव्हता तेही ते वळण छातीठोकपणे सांगायचे.

एक गोष्ट मी इथे लिहायलाच हवी. त्याच काळात आमच्या जमिनीतल्या टाकीत महिनाअखेरीस हिशोबापेक्षा थोडं जास्त डिझेल निघायचं. पंपावर सहसा उलट असतं, थोडी घट येते. आमच्याकडे वाढ. वार्षिक सभेत चेअरमननी सर्वांसमोर सांगितलं, "बाईच्या हाताक बरकत आसा." टाळ्या वाजल्या. मी लाजून खाली बघितलं आणि घरी जाताना आईसाठी जिलेबी घेतली. जे टँकरमध्ये कमी दिसत होतं तेच टाकीत जास्त निघत होतं. दोन्ही आकडे माझ्याच अक्षरात, एकाच कपाटात होते. ते शेजारी ठेवून बघावेत असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. कौतुक होत असलं की माणूस कशाला बेरीज तपासतो?

नारळी पौर्णिमेनंतर हंगाम पुन्हा सुरू झाला. दुसरी-तिसरीच खेप असेल. टँकर रिकामा झाल्यावर तो नेहमीसारखा गाडीत चढला नाही. माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "माका काढल्यानी. आजची खेप शेवटची."

मी पेन खाली ठेवलं.

"वाहतूकदार म्हणता, सोसायटीचे शेरे आसत. मी तेका काय सांगतलंय?" मग त्याने विचारलं, "तुका काय वाटता गो बाय?"

हा प्रश्न त्याने रागाने विचारला नव्हता. ज्या सुरात तो 'मोठ्यान वाच' म्हणायचा त्याच सुरात विचारला. मी म्हटलं, "माका काय वाटाचा, काकानू? आकडो दिसता तो मी लिवतंय."

त्याने मान हलवली, 'बरां' म्हणाला आणि गेला. शर्टाची बाही तशीच घडी घातलेली. मी चहा मागवायलाही विसरले होते.

त्याच्यानंतर दोन-तीन ड्रायव्हर आले आणि गेले. माल कमीच येत राहिला. आता आम्ही म्हणायला लागलो की ही ड्रायव्हरांची जातच अशी. इतकं सोपं होतं ते. एक माणूस गेला, चोरी थांबली नाही, तर ह्याचा अर्थ तो चोर नसेल, असा साधा विचार कोणी केला नाही. सगळेच चोर, असा केला.

मग काही वर्षांनी ते कुलूप आलं.

तेल कंपनीने टँकरना इलेक्ट्रॉनिक सील बसवायला सुरुवात केली. आमच्याकडे येणाऱ्या गाडीला प्रत्येक झाकणावर आणि कॉकवर साबणाच्या वडीएवढी काळी डबी लागली. ड्रायव्हरच्या केबिनवर एक गोल चकती, ती आकाशातल्या उपग्रहाशी बोलते असं नव्या ड्रायव्हरने सांगितलं. हा घाटावरचा, पस्तिशीचा, बोलका माणूस. "ताई, आता मी लघवीला थांबलो तरी डेपोत कळतंय," म्हणाला. गाडी आमच्या आवारात शिरली की डेपोतल्या संगणकाला समजायचं, आणि तिथून माझ्या मोबाइलवर सहा आकडे यायचे. ते डबीवर दाबले की आत टिक् व्हायचं आणि झाकण सुटायचं. दुसरीकडे कुठे डबीला कोणी हात लावला तर डेपोत घंटा वाजायची.

अडचण एकच. पंपावर मोबाइलला रेंज नव्हती. मला जेटीच्या अगदी टोकापर्यंत चालत जाऊन हात वर करून उभं राहावं लागायचं. खलाशी विचारायचे, "कोणाक हात दाखवतंस गो?" मेसेज आला की पळत परत. ते आकडे पंधरा मिनिटांत दाबले नाहीत तर बाद व्हायचे.

पहिल्या खेपेला पंपावर गर्दी जमली. चेअरमन स्वतः आले. मी आकडे दाबले, टिक् झालं, सगळ्यांनी 'हां' केलं. मी पट्टी सोडली. वर काढली.

कप्प्यामागे दहा लिटर कमी.

मी पुन्हा सोडली. मग दुसऱ्या कप्प्यात. मग तिसऱ्या. खाली सगळे वर तोंड करून बघत होते.  आकडा सांगितला तेव्हा पहिल्यांदा नवा ड्रायव्हरच बोलला. "ताई, ह्या वेळी मला नका धरू. मला तर उघडताच येत नाही." त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. सुटल्यासारखा वाटत होता तो.

शेरा गेला. पुढच्या खेपेला टँकरबरोबर डेपोतला एक अधिकारी आला. तरुण, चष्मा, हातात लॅपटॉप, अतिशय सभ्य. त्याच्यासमोर मी माप घेतलं, तिन्ही कप्प्यांत पुन्हा दहा लिटर कमी. माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडून त्याने नकाशा दाखवला. लाल रेघ डेपोतून निघून घाट उतरून आमच्यापर्यंत आलेली. कुठे किती मिनिटं थांबली ते लिहिलेलं. कुलूप दोनदाच उघडलेलं, एकदा भरताना आणि एकदा इथे.

"मॅडम, तीनच शक्यता आहेत," तो म्हणाला. "डेपोत कमी भरलं, वाटेत काढलं, किंवा इथे काहीतरी होतंय. डेपोतलं माप मी स्वतः काल घेतलंय. वाटेत काढलेलं नाही, हे समोर दिसतंय."

"इथे काही होत नाही," मी म्हटलं.

"मी तुमच्यावर आरोप करत नाही."

"मग?"

"मग तुम्हीच सांगा."

चेअरमन शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पंपावर पाइप धरणाऱ्या माणसाने बघितलं. लिलावातली एक बाई दारात येऊन उभी होती, तिने बघितलं. ज्यांच्यासमोर माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या तीच ही माणसं. त्या नजरांत राग नव्हता, फक्त हिशोब चालला होता. ही किती वर्षं इथे आहे, हिच्या भावाने गेल्या साली नवं इंजिन घेतलं, असा काहीतरी. त्या वेळी पहिल्यांदा तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे आला. टेबलापाशी उभा, 'तुका काय वाटता' म्हणणारा. मी त्याला जे उत्तर दिलं होतं तेच आता कोणी मला दिलं असतं तर मी मेले असते.

आणि त्याच्याबरोबर त्याचं ते वाक्य आठवलं. गाडी वाकडी उभी आसा.

मी उठले. लिलावाची शेड वाढवण्याचं काम चालू होतं आणि तिथे एक गवंडी होता. त्याच्याकडे पाण्याची नळी असते, पारदर्शक, लांब. तिच्यात पाणी भरून दोन टोकं दोन ठिकाणी धरली की पाणी दोन्हीकडे एकाच उंचीला उभं राहतं, आणि जमीन कुठे खाली गेली आहे ते कळतं. मी त्याला म्हटलं, माझ्यासोबत ये, नळी घेऊन ये.

टँकर मोजणीच्या जागेवर उभाच होता. गवंड्याने एक टोक पुढच्या चाकाजवळ धरलं, दुसरं त्याच्या सोबत्याने मागच्या चाकाजवळ. पाणी हललं, थरथरलं आणि स्थिर झालं. गवंड्याने जमिनीपासून बोटं मोजली. मग मागे जाऊन तिथे मोजली. उभा राहिला आणि म्हणाला, "मागचा अंग चार बोटां खाली गेला हा."

अधिकारी बूट धुळीत तसेच टेकवून उकिडवा बसला. त्याने स्वतः मोजलं. मग टँकरवर चढून कप्प्यांची झाकणं बघितली. मापाची नळी कप्प्याच्या बरोबर मध्यावर नव्हती, हातभर पुढे होती. मागचा भाग खाली, म्हणजे डिझेल मागे सरकणार, आणि पुढच्या नळीत पातळी कमी दिसणार.  तो वरूनच म्हणाला, "गाडी सपाटीवर घेऊ या."

बर्फाच्या कारखान्यासमोरचा रस्ता सिमेंटचा होता. गवंड्याने तिथली पातळी बघून हो म्हटलं. टँकर तिथे नेला. मी चढले. अधिकाऱ्याने कारखान्यातल्या फोनवरून डेपोशी बोलून कुलूप उघडायचे आकडे मागवले. मी पट्टी दोन्ही हातांनी धरून सोडली.

ओली खूण दाखल्यावरच्या खुणेवर होती. तिन्ही कप्प्यांत.

 खालून नवा ड्रायव्हर म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं?"

कारण नंतर सापडलं. बर्फाच्या कारखान्याचं सांडपाणी आमच्या आवाराच्या मागच्या कडेने खाडीत जायचं. त्या पाण्याने भरावाखालची वाळू थोडी थोडी वाहून नेली होती, आणि खेपेखेपेला तिथे उभ्या राहणाऱ्या टँकरनी वरचा चुरा दाबत नेला होता. एका दिवसात चार बोटं खचलं असतं तर आंधळ्यालाही दिसलं असतं. वर्षाला अर्धं बोट खचलेलं मला दिसलं नाही, आणि मी तिथे रोज उभी होते. ज्याने ते पाहिलं तो तीन-चार दिवसांतून एकदा यायचा. गाडी उभी केल्यावर ती किती वाकली हे त्याच्या बुडाला कळत होतं.

मी त्या कुलपाचा पुष्कळ विचार केला आहे. त्याला उतार कळला नव्हता. कुठे उघडलं आणि कुठे नाही, एवढंच ते सांगत होतं. पण तेवढ्याने आमची सगळी जुनी उत्तरं बंद झाली. घाटातलं वळण गेलं, वाटेवरचं गाव गेलं. मी उरले, आणि माझ्या पायाखालची जमीन उरली. आधी मला वाटायचं, आपण फक्त आकडा लिहितो, आकड्याचं पुढे काय होतं ते आपल्या हातात नाही. तसं नव्हतं. पट्टी सोडण्याआधी जमीन बघायची, हेही माझंच काम होतं.

आठवड्याभरात मागची बाजू उकरून काँक्रीट टाकलं. चेअरमन म्हणाले, "झाला ता झाला." मी म्हटलं, वाहतूकदाराला पत्र जायला हवं, आधीचे शेरे चुकीचे होते म्हणून. त्यांना ते नको होतं. सोसायटीने स्वतःच्या चुकीवर सही का करायची? मी पंधरा दिवस रोज तो कागद त्यांच्यासमोर ठेवत होते. शेवटी डेपोचाच अहवाल आला, त्यात सगळं होतं, तेव्हा त्यांनी सही केली. पत्र गेलं. वाहतूकदाराने कळवलं की त्याने गाड्या विकल्या, तो माणूस आता कुठे आहे माहीत नाही.

मला माहीत होतं. पत्राची नक्कल घेऊन मी एका रविवारी वालावलला गेले.

तो खळ्यात काजूच्या बिया वाळत घालत होता. खाकी शर्ट नव्हता, बनियन आणि लुंगी. केस पांढरे झाले होते. मला बघून म्हणाला, "अरे, बाय! ये गो, ये." जणू मी दर महिन्याला येत होते. मी ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. कुलूप, नळी, चार बोटं. तो मधे मधे 'व्हय, व्हय' म्हणत होता. सिमेंटच्या रस्त्यावर माप बरोबर आलं हे सांगितलं तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. मी पत्र पुढे केलं. म्हटलं, "काकानू, माझा चुकला. तुमी सांगत होतात, मी बघूक नाय."

त्याची बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.  ती म्हणाली, "इतक्या वर्सांन वाट सापडली काय तुका?"

"अगो, तिका पाणी तरी दी," तो म्हणाला.

"पाणी देतंय. पण हेच्यापायी काय काय झाला ता तिका सांग. देवळातल्या भांड्यांच्या खोलयेची चावी कोणाकडे असायची ता सांग."

तो वाकून बिया सारख्या करू लागला. मग तीच बोलली. देवळाची समयी, हंडे, पंगतीची भांडी ज्या खोलीत असत तिची चावी बारा वर्षं ह्या घरात होती. गाडीवरून काढल्यावर त्याने ती नेऊन दिली.

"कोणी मागलेली?" मी विचारलं.

"नाय गो," तो म्हणाला. "कोणी मागूक नाय. मीच नेवन दिलंय. कोणी मागूच्या आधी दिलेली बरी."

 पत्र माझ्या हातातच होतं. बायको खाली उतरली आणि तिने ते हाताने बाजूला सारलं. "ह्यो कागद माका वाचूक येणा नाय. माझ्यावांगडा चल, आणि तोंडान सांग."

ती मला देवळाकडे घेऊन गेली. तो मागून 'ऱ्हवांदे गो' म्हणत आला, पण ती थांबली नाही. तळ्याच्या काठाने आम्ही तिघं एकामागून एक चालत होतो. देवळाच्या मंडपात चार-पाच माणसं बसली होती, उत्सवाची काहीतरी बोलणी चालली होती. तिने मला त्यांच्यासमोर उभं केलं आणि म्हणाली, "ही मालवणच्या पंपावरची. तिका काय सांगूचा आसा."

मी सुरुवात कचेरीतल्यासारखी केली. आमच्या संस्थेच्या आवारात जमीन खचल्यामुळे मापनात त्रुटी, वगैरे. माणसं तोंडाकडे बघत राहिली. एकाने शेजाऱ्याला डोळ्यांनी विचारलं, काय म्हणता ही? मग मी थांबले आणि आपल्या भाषेत सांगितलं. डिझेल कधीच कमी येत नव्हता. आमची जागा वाकडी होती. ह्यांनी माका तीनदा सांगितला, मी आयकूक नाय. चोर म्हणान लिवलंय ता मी लिवलंय, आणि ता खोटा होता.

 एका म्हाताऱ्याने विचारलं, "मगे आता ती जागा सारकी केलात काय?"

"केली. सिमेंट घातला."

"बरां केलात," तो म्हणाला. आणि सरकून ड्रायव्हरकाकांना बसायला जागा केली. उत्सवाची बोलणी पुढे सुरू झाली. कोणी माफी, मोठेपणा असलं काही बोललं नाही. त्याची बायको माझ्याजवळ उभी होती. तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, जेवूक. भात वाडतंय." ती मला क्षमा करत होती असं मी म्हणणार नाही. जेवायची वेळ झाली होती.

चावी त्याला परत मिळाली का, ते मी कधी विचारलं नाही. गाडीवर तो पुन्हा गेला नाही. एका नव्या वाहतूकदाराला मी सांगून बघितलं होतं, पण ड्रायव्हरकाकाच म्हणाले, आता डोळे तेवढे चालत नाहीत, आणि काजू बरा येतो.

पुढच्या हंगामात एका सकाळी तो मासे घ्यायला मालवणला आला आणि पंपावर डोकावला. टँकर नुकताच लागला होता. मी जेटीच्या टोकावरून आकडे घेऊन पळत येत होते. तो टँकरभोवती एक फेरी मारून नव्या काँक्रीटकडे बघत होता, पायाने दाबून बघत होता. मी त्याला कुलूप दाखवलं. त्याने डबीवरून अंगठा फिरवला, वाकून खालून बघितली, तार कुठे जाते ते शोधलं.

"ह्या माझ्या वेळार असता तर?" तो म्हणाला.

"तर तुमका कोण काय म्हणूक नसता," मी म्हटलं.

 "पेज मात्र चुकली असती," तो म्हणाला. आणि नव्या ड्रायव्हरला विचारायला लागला की घाटात दुसऱ्या गिअरवर उतरतोस की तिसऱ्या, ब्रेकचे ड्रम किती तापतात, थांबायला तरी देतात का. ते दोघं बराच वेळ बोलत होते. मी वर चढून माप घेतलं, ते बरोबर होतं. मी खाली आले तोवर तो लिलावात जाऊन बांगड्यांचा भाव करत होता, आणि टोपलीवाली त्याच्याशी मोठ्याने भांडत होती.